दौंडला किती चालूय?

पावसाळा लागला की आमच्या अण्णांचा फोन येतो. तब्येत, नोकरी, पोरं नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "दौंडला किती चालूय?" एकदा ऑफिसात फोन स्पीकरवर होता तर शेजारचा कलीग विचारतो, दौंडला काय चालूय, इलेक्शन का? आता याला काय सांगणार. अख्ख्या महाराष्ट्राला दौंड म्हणजे रेल्वे जंक्शन, पण आम्हा सोलापूरवाल्यांना दौंड म्हणजे भीमेचं माप. दौंडला भीमेत किती क्युसेक्स (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) पाणी चाललंय त्यावर खालचं उजनी धरण कधी भरणार हे ठरतं आणि उजनीवर बाकी सगळं, उसाची लागण, लग्नाच्या तारखा, सोसायटीचं कर्ज. पानटपरीवरच्या माणसाला पण तो आकडा तोंडपाठ असतो.

माझं गाव मंगळवेढा तालुक्यात. वर्षाचा पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही पडला तर. आणि आमची नदी उगवते भीमाशंकरला, जिथं पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. म्हणजे आमची नदी दुसऱ्याच्या पावसावर जगते. बरं, भीमाशंकरपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटर पण नाही, पण ही बया समुद्राकडं पाठ करून पूर्वेला निघते आणि 861 किलोमीटर चालून पार रायचूरकडं कृष्णेला जाऊन मिळते. वाटेत तुळापूरला इंद्रायणी येते, रांजणगाव सांडसला मुळा-मुठा, मग घोड, उजनीच्या खाली नरसिंहपूरला नीरा, पुढं माण, कुडलला सीना. म्हणून तर कुठं पुराची बातमी आली की आमच्याकडं विचारतात "संगमला किती?" म्हणजे नरसिंहपूरला उजनीचं आणि वीर धरणातून नीरेत सोडलेलं असं दोन्ही मिळून किती. पंढरपुरात पुंडलिकाचं देऊळ बुडणार का नाही ते या बेरजेवर.

आणि गंमत म्हणजे पूर येतो तेव्हा आमच्या डोक्यावर कडक ऊन असू शकतं. थेंब पडलेला नसतो आणि नदी दुथडी. आमच्या जवळच माचणूर-ब्रह्मपुरीला औरंगजेब 1695 ते 1699 छावणी टाकून बसला होता, त्यात 1697 च्या पावसाळ्यात भीमेनं त्याची छावणी पार धुऊन काढली. त्या बिचाऱ्याला दौंडचा आकडा सांगणारं कोण नव्हतं ना.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात टीव्हीवर येतं "उजनी उणे 40 टक्के, उणे 50 टक्के" आणि पुण्यातले मित्र हसतात, धरण मायनसमध्ये कसं जातं रे, बँकेचं ओव्हरड्राफ्ट आहे का? खरं सांगू, आहेच. उजनीत पूर्ण भरल्यावर 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी बसतं, त्यातलं साधारण 64 टीएमसी मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचं तळातलं पाणी, आणि वरचं 53-54 टीएमसी उपयुक्त. म्हणजे पोटात जास्त, हातात कमी. टक्के मोजतात ते फक्त वरच्या 53-54 चे. ते संपलं की शून्य आणि मग मृत साठ्यातून उचलायला लागले की उणे. 2024 च्या जूनमध्ये उणे 60 च्या आसपास गेलं होतं, म्हणजे मृत साठ्यातलं पण निम्मं उपसलं. अशा वर्षी जुन्या पळसदेवचं बुडालेलं दगडी देऊळ पाण्यातून वर येतं आणि पुण्यातून लोक फोटो काढायला येतात. ज्यांची गावं 1980 च्या आत त्या पाण्याखाली गेली ती माणसं पण येतात, त्यांचं बघणं वेगळं असतं. ते मी एकदा पाहिलंय, लिहिता येणार नाही.

हा मृत साठा संपवतं कोण? आमच्याकडं लगेच उत्तर तयार असतं, पुणेकर. वरची धरणं अडवून बसलेत म्हणतात. थोडं खरं आहे, पण अर्धंच. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग लागलीय, पाचशे मिलीमीटरच्या मुलखात ऊस, आणि आमच्या अण्णांचा पण दोन एकर आहे म्हणून मला जास्त बोलायची सोय नाही. सोलापूर शहराला प्यायला म्हणून नदीतून औजच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडतात तेव्हा काठावरच्या मोटारी रात्री काय करतात हे आम्हाला सगळ्यांना माहितीय. आणि मुळशीचं कोणीच बोलत नाही. मुळेवर टाटांचं धरण, सेनापती बापटांनी 1921 ला ज्यासाठी सत्याग्रह केला ते, त्याचं पाणी वीज करून घाटाखाली कोकणात उतरतं, भीमेला येतच नाही. शंभर वर्षं झाली. भांडायचंच असेल तर निदान हिशोब तरी पूर्ण मांडून भांडा.

पण माझं खरं दुखणं आकड्याचं नाही, पाण्याचं आहे. उजनीत किती टक्के ते सगळे विचारतात, काय आहे ते कोणी विचारत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी सगळंच्या सगळं शुद्ध होऊन नदीत जात नाही हे काही गुपित नाही. ते मुळा-मुठेतून, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत. भिगवणला रोहित पक्षी बघायला जाता ना, एकदा पाण्याचा पण फोटो काढा, उन्हाळ्यात हिरवंगार, वास येतो. तिथले मच्छीमार सांगतात पूर्वी जाळ्यात किती जातीचे मासे यायचे, आता चिलापीच चिलापी.

मी वीस वर्षं पुण्यात राहतो. सकाळी माझ्या बाथरूममधून जे जातं ते मुठेला जातं. आणि कार्तिकीला आमची आत्या पंढरपूरहून येताना न चुकता पाण्याच्या बाटलीत चंद्रभागेचं तीर्थ आणते, देवघरात ठेवते, सगळ्यांच्या हातावर एकेक पळी. चंद्रभागा म्हणजे वेगळी नदी नाही हो, भीमाच, पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिचं नाव बदललं. मी ते तीर्थ घेतो. आत्यासमोर नाही कसं म्हणणार? पण गिळताना डोक्यात नकाशा असतो, माझी सोसायटी, मुठा, दौंड, उजनी, वाळवंट, बाटली, आणि परत माझं घर. 2016 ला "नमामि चंद्रभागा" जाहीर झालं तेव्हा पेपरात पानभर वाचलं होतं. घाट बांधाल, दिवे लावाल, पण ही नदी पंढरपुरात साफ होऊच शकत नाही, ती घाण होते तिथं म्हणजे आमच्या सोसायटीच्या मागं साफ व्हायला पाहिजे. पुण्यातल्या नळाला आणि पंढरपूरच्या आरतीला एकच मीटर लावा असं माझं म्हणणं आहे, हसायचं तर हसा.

जाता जाता एक. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला एकदा जाऊन या. तिथं संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा म्हणजे 1018 सालचा शिलालेख आहे, मराठीतल्या जुन्यात जुन्यांपैकी, "वाछितो विजेया होईवा", जो वाचेल तो विजयी होईल. आपली भाषा पहिल्यांदा दगडावर आली त्यातली एक जागा या नदीकाठची आणि निम्म्या पुणेकरांना कुडल माहिती नाही. सोलापूरकरांना तरी कुठं?

परवा अण्णांचा फोन आला तेव्हा मी गाडीत होतो, डेक्कनला, ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं. म्हटलं, "अण्णा, भिडे पूल गेला पाण्याखाली, अडकलोय मी."

"लय बेस झालं," अण्णा म्हणाले, "मग दौंड वाढंल की उद्या."