फक्त मुलं तेवढी हवीत

आमच्या घरात प्रिंटर आहे. नव्या शाळेच्या समितीवर सचिव म्हणून माझी निवड होण्यामागे एवढंच कारण होतं आणि ते भर सभेत मोकळेपणाने सांगितलंही गेलं. "वहिनींकडे छापायचं मशीन आहे, दर कागदाला डिचोलीपर्यंत कोण धावणार?" असं एकाने मांडलं, दुसऱ्याने अनुमोदन दिलं. चहाचे कप आत ठेवून मी बाहेर येईपर्यंत टाळ्याही वाजून गेल्या होत्या.

शाळा नवी, पण इमारत जुनी. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गोव्यात खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या. त्यात आमच्या गावाचीही निघाली. आधी देवळाच्या सभामंडपात भरायची, मग तिला चार भिंती मिळाल्या. पुढे मुलं कमी होत गेली आणि एके वर्षी पटसंख्येअभावी दाराला कुलूप लागलं. आता त्याच इमारतीत, त्याच गावातली मुलं घेऊन, आम्ही नवी शाळा काढणार होतो. यातली विसंगती माझ्या नवऱ्याने पहिल्याच दिवशी दाखवून दिली. त्याला समितीत घेतलं नाही.

कुलूप उघडलं तेव्हा भिंतीवर मागच्या कुठल्यातरी निवडणुकीतले 'आत' आणि 'बाहेर'चे बाण तसेच होते. लोखंडी कपाटावर पांढऱ्या अक्षरांत 'गोवा, दमण व दीव सरकार' लिहिलेलं. म्हणजे १९८७ मध्ये गोवा घटक राज्य झालं ही बातमी त्या कपाटापर्यंत अजून आलीच नव्हती. आणि छपरात धामण. रंगारी शिडीवरून उतरला तो थेट घरीच गेला. ती जागेची राखणदार आहे, तिला कुणी हात लावायचा नाही, असं थोरल्यांनी बजावलं. "राहू दे मग, पटावर एक नाव वाढेल," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. "सहा वर्षं पुरी झालीत का तिला?" एवढंच निवृत्त मास्तरांनी विचारलं. पहिलीच्या प्रवेशाचा नियम त्यांना तोंडपाठ.

आमची सभा कोकणीत चालते, इतिवृत्त मराठीत लिहिलं जातं आणि खात्याला अर्ज इंग्रजीत जातो. तिन्ही माझ्याच गळ्यात. "जागो तुज्या बापायचो?" ही गर्जना माझ्या वहीत 'जागेच्या मालकीविषयी एका सदस्यांनी पृच्छा केली' अशी उतरते आणि अर्जात तिचा मागमूसही उरत नाही. पणजीच्या साहेबांना आमचा गाव फार सोज्वळ वाटत असणार.

पहिलं भांडण अंतरावरून झालं. इमारत खालच्या वाड्यात. प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असा नियम वरच्या वाड्याने शोधून काढला. तिथले भाई, ज्यांचा खाणीवर ट्रक होता, ते स्कूटरवरून अंतर मोजून आले आणि म्हणाले, किलोमीटरच्या वर जातं. खालच्या वाड्यातल्या पोरांनी कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पायवाटेने मोजलं, ते आत बसलं. मग कुळागरातून स्कूटर जाते का, पावसाळ्यात माणूस तरी जातो का, गेला तर सुपाऱ्या कोण मोजणार, असं ते वाढत गेलं. अखेर देवाला कौल लावला. देवाने उजवा, म्हणजे होकाराचा, प्रसाद दिला. वरच्या वाड्याचं म्हणणं पडलं की प्रश्न नीट विचारला नव्हता.

पण खरी वणवण मुलांसाठी. १९९० पासून प्राथमिकला अनुदान कोकणी आणि मराठी माध्यमालाच मिळायचं. २०११ मध्ये इंग्रजीला दार उघडलं तेव्हा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरून घोषणा देणारे आमच्या गावातही होते. मला वाटलं, यादी त्यांच्यापासून सुरू करावी. प्रत्येक ओसरीवर माझं जंगी स्वागत झालं. सोलकढी झाली, भाषेच्या भवितव्यावर बोलणं झालं. नातवाचा विषय निघाला की आजोबा घड्याळ बघायचे. "त्याची बस दारात येते ना, वहिनी. लहान आहे तो अजून, चालवणार कुठे त्याला?" त्याच वेळी तो नातू आवारातल्या आंब्याच्या शेंड्यावर होता.

या सगळ्यात माझं एक मत पक्कं झालं. "छान उपक्रम, पुढे चला, आम्ही पाठीशी आहोत" असं म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा जाऊ नये. त्याच्याकडून खडूचा तुकडाही यायचा नाही. जो तावातावाने भांडतो, त्याचं नाव मात्र वहीत लिहून ठेवावं.

भाईंचंच बघा. जागेला त्यांचा विरोध होता, नावाला होता, भिंतीच्या पिवळ्या रंगालाही होता. खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. तेव्हापासून त्यांचा ट्रक अंगणात उभा आहे आणि त्यावर दोडक्याचा वेल चढला आहे. शाळेसाठी मी म्हापशाच्या बाजारातून पितळी घंटा आणली होती. भाईंनी ती हातात घेतली, नखाने टिचकी मारली, कान लावला आणि परत दिली. "ही पूजेची." दुसऱ्या दिवशी ते ट्रकचा ब्रेक ड्रम खांद्यावरून घेऊन आले. रॉकेलने पुसून चकचकीत केलेला, कडेला तेवढा खाणीचा लाल रंग उरलेला. तो फणसाच्या फांदीला साखळीने टांगला, दोन पावलं मागे सरले आणि चाकाच्या पान्याने एक ठोका दिला.

दिवस काजूचे. डोंगरावर बोंडू गोळा करणारी माणसं वणवा लागला समजून धावत खाली आली. भट्टीवरचे लोक हुर्राक, म्हणजे काजूची दारू, उकळती टाकून आले. भाई शांतपणे म्हणाले, "आवाज पोचतो." खालच्या वाड्यातून कुणीतरी लगेच विचारलं, "वरच्या वाड्यावर ऐकू येतं? मग शाळा लांब कशी?" अंतराचा प्रश्न तिथे मिटला. इतिवृत्तात मी 'सखोल चर्चेअंती' असं लिहिलं.

समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, असं कायदा सांगतो. "बायका येतील, बोलू आम्ही," असं पुरुषांचं ठरलं होतं. बायका आल्या. मुतारीचं दार, विहिरीवरची जाळी, माध्यान्ह आहाराची भाजी कुठल्या गटाने करायची आणि पदेर, म्हणजे पाववाला, पाव किती वाजता टाकणार, हे सगळं त्यांनी एका बैठकीत उरकलं. पुरुष अजून शाळेच्या नावावर होते.

मग गाऱ्हाणं घालायचं ठरलं. देवळात दोन्ही वाडे हजर. गावकरांनी नारळ हातात धरला आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा महाराजा, पणजीला जी फाईल अडून राहिली आहे, ती वाट करून पुढे काढ."

"व्हय महाराजा!"

"पाऊस पडायच्या आधी कौलं बसू देत, माकडांना सुबुद्धी दे."

"व्हय महाराजा!"

"गावची जी मुलं दारातून बसने जातात, त्यांच्या आईबापाच्या आणि आजोबांच्या मनाचा पालट होऊ दे."

"व्हय महाराजा!" हा होकार सर्वांत मोठा होता. अगदी पुढच्या रांगेतून आला. मी मान वळवून पाहिलं, तर सगळे माझ्या यादीतले आजोबा.

देवाने मनावर घेतलं की आयांनी, कोण जाणे, पण नावं येऊ लागली. पहिलं नाव भाईंच्या नातीचं आलं, अटींसह. बाक पुढचा हवा आणि घंटा तिने मारायची. तिचा हात ब्रेक ड्रमला पुरत नाही, म्हणून भाई आता स्टूल बनवत आहेत. आंब्याच्या शेंड्यावरचा नातूही आला. बसमध्ये त्याला खिडकी मिळत नव्हती म्हणे.

आता राहिलं उद्घाटन. कुणाच्या हस्ते, यावर दोन गट पडले आहेत आणि मंगळवारी सभा आहे. आम्ही मुळीच येणार नाही, असा वरच्या वाड्याने निरोप धाडला आहे, आणि खुर्च्या मागच्या खेपेपेक्षा जास्त ठेवा, असंही सांगितलं आहे.