"जगात फक्त 300 वॉम्बॅट उरलेत"? अहो, पण कुठले?

फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. "ऑस्ट्रेलियातल्या आगीत वॉम्बॅट जळाले, जगात फक्त 300 उरलेत, तरी ते बिचारे बाकीच्या प्राण्यांना हाकत आपल्या बिळात नेऊन वाचवतात." वॉम्बॅट म्हणजे तिथला बिळात राहणारा, कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी. फोटो गोड आहे, मान्य. बाकी सगळी खिचडी.

आधी 300 चं बघू. वॉम्बॅट तीन जातींचे, त्यातले दोन केसाळ नाकाचे, एक उत्तरेकडचा, एक दक्षिणेकडचा, चुलतभाऊच म्हणा. 300 चा आकडा फक्त उत्तरेकडच्याचा, तो रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत, 'क्रिटिकली एन्डेंजर्ड' (नामशेष व्हायच्या काठावर) आहे. दक्षिणेकडचा साउथ ऑस्ट्रेलियात नलारबोरच्या माळावर वगैरे हजारोंनी आहे, शेतात बिळं खणतो म्हणून शेतकरी वैतागतात आणि गंमत म्हणजे राज्याचा मानाचा प्राणी पण तोच.

आणि "उरलेत" काय? 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तरेकडचे जेमतेम 35 होते, सगळे क्वीन्सलँडच्या एपिंग फॉरेस्टमध्ये, एकाच जागी. तिथून आता 300 च्या वर गेलेत! 1982 मध्ये गुरांना बंदी केली, डिंगोंनी (तिथल्या जंगली कुत्र्यांनी) काही मारले तेव्हा 2002 मध्ये कुंपण घातलं, 2009 मध्ये सेंट जॉर्ज गावाजवळ दुसरी वस्ती केली. रात्री फिरणारा लाजाळू प्राणी, मोजायचा कसा, तर बिळाच्या तोंडाशी चिकटपट्टी लावायची, येताजाता केस चिकटतात, त्यांचा डीएनए तपासायचा. मला तर हे भारीच वाटलं.

आगीचं म्हणाल तर 2019-20 च्या मोठ्या आगी मुख्यतः आग्नेय ऑस्ट्रेलियात लागल्या, एपिंग फॉरेस्ट तिथून कितीतरी लांब. उत्तरेकडच्यांची वाट लावली गुरामेंढरांनी गवत फस्त करून, वर दुष्काळ, आणि गुरांसाठी आणलेलं बफेल गवत आता स्थानिक गवताला हटवतंय.

हाकत नेण्याची गोष्ट जानेवारी 2020 पासून फिरतेय, ती मुळात तिसऱ्याच, साध्या वॉम्बॅटची. त्याच्या बिळात बाकीचे प्राणी शिरतात हे खरंय, कॅमेऱ्यात दिसलंय, पण बोलावणं कोणी पाठवत नाही हो, एकलकोंडा प्राणी तो.

आता हजारोंनी आहेत म्हणून दक्षिणेकडच्याचं निवांत चाललंय असंही नाही, तो 'निअर थ्रेटन्ड', म्हणजे धोक्याच्या जवळ पोचलेला आहे. खरजेनं अंगावरचे केस जातात, कातडी जाड होऊन फाटते, दुष्काळात चारा नसला की उपासमार. फॉरवर्डमध्ये याच्याबद्दल एक ओळ नाही.