भाव बांधणं वेगळं, टँक भरलेला असणं वेगळं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

पुढच्या अख्ख्या हिवाळ्याच्या हीटिंग ऑइलचे, म्हणजे घर तापवायच्या तेलाचे, पैसे ऑगस्टमध्ये एकरकमी भरू नयेत, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की हा सल्ला बेजबाबदार आहे. अमेरिकेत, कनेटिकटमध्ये, तुम्ही वर्षानुवर्षं असं प्री-बाय करता, म्हणजे भाव बांधून तेलाचे पैसे आगाऊ भरता. मार्च २०२२ मध्ये शेजारी गॅलनला पाच डॉलरच्या वर मोजत होते, तेव्हा तुम्ही निर्धास्त होतात. शिवाय भारतातून आलेली ऐंशीच्या घरातली आई तुमच्याकडे आहे, मग चार पैसे वाचवायला टँक कोरडा पडण्याची जोखीम कशाला घ्यायची?

आईंचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून आधी तोच घेतो. टँक कोरडा पडू नये, यासाठी ऑटोमॅटिक डिलिव्हरी असते : तुम्ही फोन न करता कंपनी आपणहून ट्रक पाठवते. प्री-बायचा त्याच्याशी संबंध नाही. कंपन्या दोन्ही एकाच कागदावर विकतात म्हणून ते एकच वाटतं. बाजारभावाने पैसे देऊनही ऑटोमॅटिक डिलिव्हरी घेता येते, आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर ती घ्यावीच, याबद्दल तुमचं-माझं दुमत नाही.

पण ऑटोमॅटिक आहे म्हणून बेसमेंटमध्ये टँक बघायला उतरायचंच नाही, हे मला पटत नाही. ट्रक कधी पाठवायचा हे कंपनी हिशोबाने ठरवते. दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरनहाइटपेक्षा जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री डे. तुमचं घर एका गॅलनमध्ये किती डिग्री डे काढतं, तो आकडा मागच्या डिलिव्हऱ्यांवरून निघतो. समजा तो ५ आहे. सरासरी २५ अंशांचा दिवस म्हणजे ४० डिग्री डे, म्हणजे ८ गॅलन तेल. नेहमीचा टँक २७५ गॅलनचा असला तरी काठोकाठ भरत नाहीत, साधारण २५० धरा. पाव टँक म्हणजे साठेक गॅलन, जानेवारीत जेमतेम आठवडाभराचं.

हा हिशोब तुमच्या जुन्या सवयींवर बेतलेला असतो. आई आल्या, थर्मोस्टॅट ६७ वरून ७३ वर गेला, दिवसभर रिकामं असणारं घर आता दिवसभर तापतं, आंघोळीचं पाणीही त्याच बॉयलरवर. कंपनीच्या संगणकाला यातलं काही माहीत नसतं. आपल्याकडच्या घरांमध्ये हे हमखास होतं, आणि त्याबद्दल मी कळवळून सांगतो : आई-बाबा यायच्या आठवड्यातच कंपनीला फोन करा आणि आठवड्यातून एकदा टँकवरचं गेज बघा. तेल संपलंच, तर कोणत्याही पंपावरचं डिझेल कॅनमधून आणून टँकमध्ये ओतता येतं. हीटिंग ऑइल त्याचंच भावंड आहे, रस्त्यावरचा कर भरलेला नाही हे ओळखू यावं म्हणून त्यात लाल रंग घालतात. मात्र लाइनमध्ये हवा गेलेली असते, ती काढल्याशिवाय बर्नर धरत नाही. रीसेटचं बटण एकदा दाबून चाललं नाही तर पुन्हा पुन्हा दाबू नका, न जळलेलं तेल आत साठतं. मेकॅनिकला बोलवा.

आता भावाचं. मार्च २०२२ मध्ये तुमचा फायदा झाला, कारण आधीच्या उन्हाळ्यात तेल स्वस्त असताना तुम्ही भाव बांधलात. पण त्याच २०२२ च्या जूनमध्ये, युक्रेन युद्धाने भाव चढलेले असताना ज्यांनी घाबरून भाव बांधला, त्यांनी पुढचा वसंत ऋतू येईपर्यंत बाजार खाली येताना पाहिला. त्याहून वाईट २००८. जुलैत क्रूड (कच्चं तेल) बॅरलला १४५ डॉलरच्या वर गेलं, लोकांनी धडाधड करार केले, आणि डिसेंबरात ते ४० च्या खाली आलं. ठरलेले गॅलन उचलले नाहीत तर बऱ्याच करारांत दंड असतो. त्यात कंपनीची लबाडी नसते. तिनेही तुमच्यासाठी पुढच्या तारखेचं तेल आधीच बांधलेलं असतं.

म्हणून मी कॅपच्या, म्हणजे भावाला वरची मर्यादा घालणाऱ्या कराराच्या, बाजूने आहे. कॅप ३.६० असेल आणि बाजार ४.५० झाला तरी तुम्ही ३.६० च देता, बाजार ३ वर आला तर ३ देता. त्याची फी पडते, आणि मला ती रास्त वाटते, कारण पैसे नेमके कशाचे जातात ते कळतं. पैसेही बहुधा तेल आल्यावर जातात. प्री-बायमध्ये ७०० गॅलन ३.५० ने घेतले तर २,४५० डॉलर ऑगस्टमध्येच दुसऱ्याच्या खात्यात जातात. माझा खरा आक्षेप इथे आहे. कंपनी जानेवारीत बंद पडली तर ती ज्यांचे पैसे देणं लागते, त्यांच्या रांगेत तुम्ही उभे. पायाही न खोदलेल्या इमारतीच्या फ्लॅटचे सगळे पैसे बिल्डरच्या हातात ठेवायला तुम्ही तयार झाला असतात का?

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. कनेटिकट आणि मेनमध्ये कायदा आहे, की आगाऊ पैसे घेणाऱ्या विक्रेत्याने त्या तेलाची तजवीज पुढच्या तारखेच्या खरेदीने किंवा हमीच्या बाँडने करून ठेवली पाहिजे. सगळीकडे असं संरक्षण नाही, आणि माझा लेख कनेटिकटबाहेरचे लोकही वाचतात.

बजेट प्लॅनबद्दल, म्हणजे वर्षाचा खर्च सारख्या मासिक हप्त्यांत भरण्याबद्दल, तुम्ही ओझरतं लिहिलंत, तर तेही पाहा. जुलैपासून हप्ते सुरू झाले की थंडीच्या तोंडाशी तुमचीच रक्कम कंपनीकडे साठलेली असते, म्हणजे थोडं प्री-बायच, फक्त भाव न बांधता. खात्यात तुमची किती शिल्लक आहे ते दर बिलावर बघत जा.

आणि "फुल सर्व्हिस कंपनी बर्नर बिघडला की रात्रीही येते" हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. स्वस्त विक्रेते तेल ओतून निघून जातात. पण सर्व्हिसचा करार कित्येक ठिकाणी वेगळा घेता येतो, वर्षातून एकदा नॉझल-फिल्टर बदलून ट्यून-अप करणारा स्वतंत्र मेकॅनिकही मिळतो. त्याची किंमत गॅलनच्या भावात मिसळलेली असण्यापेक्षा वेगळी लिहिलेली असावी, म्हणजे दोन कंपन्यांची तुलना करता येते.

तुम्ही विचारलंत, या ऑगस्टमध्ये करार नव्याने करू की नको? आधी कंपनीला लेखी विचारा, की माझ्या गॅलनची तजवीज कशी केली आहे. सरळ उत्तर आलं आणि भाव पटला, तर करा, पण लागणाऱ्या तेलाच्या निम्म्याचाच. उरलेलं बाजारभावाने, ऑटोमॅटिकवरच राहू द्या. आगाऊ रक्कम शक्यतो क्रेडिट कार्डाने भरा. रोखीपेक्षा गॅलनमागे काही सेंट जास्त पडतील, पण माल आला नाही तर कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. आणि डिलिव्हरीनंतर दारात मिळणारी मीटरची छापील पावती फेकू नका. तारीख आणि गॅलन त्यावर असतात, त्यावरूनच तुमच्या घराचा तो डिग्री डेचा आकडा तुम्हाला स्वतःला काढता येईल.