आयर्लंडात सुखरूप राहायचंय? मग हे पाळाच

आयर्लंडला स्थायिक व्हायचा बेत असेल तर व्हिसा, घरभाडं असल्या किरकोळ गोष्टी नंतर बघा. आधी झुडपं बघा. शेतात एकटंच उभं असलेलं हॉथॉर्नचं काटेरी झुडूप 'त्यांचं' असतं. म्हणजे पऱ्यांचं. पण नाव घ्यायचं नाही, 'भली माणसं' म्हणायचं. भलेपणा इतकाच की फांदी तोडली तर गोठा बसतो, नाहीतर तोडणारा अंथरूण धरतो.

हसताय? हसा, फक्त झुडपापासून लांब उभं राहून. क्लेअर परगण्यात लाटूनला नवा हमरस्ता होणार होता. 1999 साली एडी लेनिहान या कथेकऱ्याने बजावलं, की वाटेतलं झुडूप म्हणजे कॉनाक्ट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला निघालेल्या मन्स्टर प्रांतातल्या पऱ्यांचा मुक्काम आहे. झालं! आराखड्यात झुडपाला जागा मिळाली, वर कुंपणही. तेव्हा जमीन वाचवायची असेल तर वकिलाच्या नादी लागू नका, कथेकरी गाठा.

पऱ्यांचा खरा उपयोग बांधकाम खात्याला. केरीचे संसद सदस्य डॅनी हीली-रे यांनी 2017 मध्ये, दुरुस्त करूनही पुन्हा खचणाऱ्या एन-22 रस्त्याचा संबंध आसपासच्या पऱ्यांच्या गढ्यांशी, म्हणजे मातीच्या जुन्या गोल बांधांशी जोडला. पुरातत्त्ववाले म्हणतात, हे गोल बांध म्हणजे मध्ययुगातल्या शेतकऱ्यांची वस्ती. म्हणोत बापडे. खड्ड्याची जबाबदारी घ्यायला तो शेतकरी आता थोडाच येणार आहे?

घरात लग्न असेल तर आदल्या रात्री प्रागच्या बाळयेशूची मूर्ती बाहेर झुडपाखाली ठेवा, पाऊस थांबतो. मुंडकं तुटलेली मूर्ती जास्त गुणकारी, पण ते आपसूक तुटायला हवं. मुद्दाम फोडलेलं चालत नाही. म्हणून मूर्ती फळीच्या अगदी कडेला मांडा आणि घरातल्या सर्वांत धांदरट पोराला तिथली धूळ पुसायला सांगा. एवढं करून वऱ्हाड भिजलंच, तर दोष पोराचा.

एकटा मॅगपाय, म्हणजे काळा-पांढरा पक्षी, दिसला तर सलाम ठोका. नवे बूट टेबलावर ठेवू नका. हे सोपं आहे.

आणि कामाचा कंटाळा आला असेल तर कोळ्यांचा नियम पाळा: होडीकडे जाताना लाल केसांची बाई भेटली की माघारी फिरायचं. आयर्लंडात अशा बाया गल्लोगल्ली, त्यामुळे रजेची चिंता नाही. त्या बायांनी संध्याकाळी मासळी कुठून आणायची, ते त्यांचं त्या बघतील.