आमचं कमिशन पळवणं बंद करा!

आम्ही अफिलिएट ब्लॉगर: आमच्या लिंकवरून कोणी खरेदी केली की दुकान आम्हाला कमिशन देतं. वस्तू वापरून बघायची, फोटो काढायचे, लेख लिहायचा, वाचकाला दुकानाच्या पानापर्यंत आणायचं, सगळं आम्ही. आणि ऐन पैसे भरताना ‘कूपन शोधू का?’ म्हणत कोपऱ्यात ब्राउझरला जोडलेल्या कूपन एक्स्टेन्शनचा चौकोन उगवतो. कित्येकदा कूपन मिळो न मिळो, मागच्या मागे त्या एक्स्टेन्शनवाल्यांची लिंक उघडते, आमच्या कुकीवर (ग्राहक कोणाच्या लिंकवरून आला याची ब्राउझरमधली नोंद) त्यांची कुकी बसते आणि कमिशन गायब! आयत्या बिळावर नागोबा! शेवटचा क्लिक ज्याचा त्याचे पैसे, हा नियम अजून का बदलत नाही? ईबेला कुकी स्टफिंगने, म्हणजे लोकांच्या ब्राउझरमध्ये गुपचूप आपली कुकी घुसवून, लुबाडणाऱ्या शॉन होगन या अफिलिएटला 2014 मध्ये पाच महिन्यांची कैद झाली. तरी दुकान आणि आमच्यात कमिशनचा हिशोब ठेवणारे नेटवर्कवाले आम्हालाच विचारणार, ‘पुरावा आहे का?’ अहो, क्लिकच्या नोंदी तुमच्याकडेच आहेत ना? मग उघडा की त्या!