आठ दुपटी

आज साताऱ्याला भाचीच्या बाळाचं बारसं होतं. पंगतीत शेजारी बसलेल्या एका काकूंनी पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "दत्तकासाठी त्या सरकारी रांगेत कशाला थांबतेस गं? आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. महिन्याभरात काम होतं."

काम!

घास खाली उतरेना. काकू, याला दत्तक म्हणत नाहीत, याला मूल विकत घेणं म्हणतात. कायद्याने तुरुंग आहे त्याला. आणि तुरुंगाचं एक वेळ सोडा, उद्या माझ्या लेकराने "मला कुठून आणलं" विचारलं तर कुठल्या तोंडाने सांगू?

होम स्टडी, म्हणजे दत्तकाआधी घरी येऊन होते ती आमची पाहणी, मंजूर झाली त्याच आठवड्यात सासूबाईंनी जुन्या नऊवारीची आठ दुपटी शिवली. त्याला अडीच वर्षं झाली. होम स्टडीची मुदतच मुळी ३ वर्षांची. रोज रात्री 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर जायचं, सीनियॉरिटी नंबर बघायचा, फोन पालथा ठेवायचा. आणि रेफरल आलं, म्हणजे एखादं लेकरू सुचवलं, की मात्र हो म्हणायला ४८ तास. चालेल, ४८ मिनिटं द्या. पण येऊ दे.

"आश्रम भरलेत, मग तुम्हालाच कसं मिळत नाही?" हेही आज दोघांनी विचारलं. अहो, तिथल्या कितीतरी लेकरांना आईबाप आहेत. गरिबीपायी, आजारपणापायी ठेवलीत. ती द्यायची नसतात कुणाला. आणि जी आई बाळ स्वाधीन करते, तिला फेरविचाराला ६० दिवस असतात. असायलाच हवेत. त्या दोन महिन्यांत ती बाळाला परत घेऊन गेली, तर मी कोण रडणार? रडेन, पण तिच्यावर रागावणार नाही.

मोठ्या मुलाची तयारी दाखवली असती तर कदाचित एवढं थांबावं लागलं नसतं, हे मान्य. दोन वर्षांच्या आतलं, असं आम्हीच भरून दिलंय. अलीकडे ते मनाला टोचतं.

ही दुपटी दर दिवाळीला धुऊन, उन्हात घालून परत पेटीत जातात. आत्ता साडेअकराला बघते तर सासूबाई ती पुढ्यात घेऊन बसल्यात. दोन-दोन जोडून टाके घालतायत. आई, हे काय, म्हटलं.

"चालतंबोलतं लेकरू आलं तर पाय उघडे राहतील गं त्याचे."