ध्रुवाखालचा तळ नावावर कसा करून घ्यावा

तुमच्या देशाला उत्तर ध्रुवाखालचा समुद्रतळ हवा असेल, तर आधी झेंडा लावण्याची हौस भागवून घ्या. २ ऑगस्ट २००७ रोजी रशियन खासदार आर्तुर चिलिंगारोव्ह ‘मीर-१’ पाणबुडीतून चार किलोमीटरहून खोल उतरले आणि यांत्रिक हाताने तळाच्या गाळात झेंडा रोवला. झेंडा टायटॅनियमचा, कारण गंज चढलेला बरा दिसत नाही. तिथे बघायला कोण जातंय, असं कृपया विचारू नका. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री चिडून म्हणाले, हे काही पंधरावं शतक नव्हे. तुम्हीही असंच चिडा, आणि गुपचूप आपलं सर्वेक्षण जहाज पाठवा.

कारण खरी लढाई फायलीची. १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम ७६ घोकून ठेवा. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा तळ तुमचाच. त्यापुढचा हवा असेल तर तो तुमच्याच जमिनीचा पाण्याखाली गेलेला भाग आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे सिद्ध करायचं. इथे ध्रुवाजवळून जाणारी, पाण्याखालची लोमोनोसोव्ह पर्वतरांग कामी येते. सुमारे १,८०० किलोमीटर लांब, एक टोक सायबेरियाकडे, दुसरं ग्रीनलंड आणि कॅनडाकडे. भावकीतला सामाईक बांधच म्हणा. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र पासपोर्ट बघून नेमा. रशियन तज्ज्ञाला ही रांग सायबेरियातून निघालेली दिसते, डेन्मार्कच्या तज्ज्ञाला डेन्मार्कच्याच अखत्यारीतल्या ग्रीनलंडमधून. दोघेही प्रामाणिक, ही त्यातली गंमत.

मागताना लाजू नका. डेन्मार्क स्वतः जेमतेम ४३ हजार चौरस किलोमीटरचा. २०१४ मध्ये त्याने ग्रीनलंडच्या नावाने सुमारे ८ लाख ९५ हजार मागितले. रशियाचा २००१ चा अर्ज ‘पुरावे अपुरे’ म्हणून परत आला, तर त्याने २०१५ मध्ये सुधारून दिला आणि २०२१ मध्ये मागणी आणखी वाढवली. कॅनडा २०१९ मध्ये आला. ध्रुव तिघांच्याही नकाशात आहे. त्या आयोगातले २१ तज्ज्ञ फक्त खडक तपासतात. कोणाची हद्द कुठवर, हे देशांनी आपसात मिटवायचं.

एवढी यातायात नको असेल तर अमेरिकेचा कित्ता गिरवा. करारात सामील व्हायचंच नाही आणि २०२३ च्या डिसेंबरात त्याच कलमाच्या आधारे वेगवेगळ्या समुद्रांतला मिळून सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर तळ आपला म्हणून जाहीर करायचा.

भाषणात तेलाचा आकडा हवाच. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाने २००८ मध्ये अंदाज दिला होता: जगातलं न सापडलेलं १३ टक्के तेल आणि ३० टक्के वायू आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला असावा. टाळ्या इथेच पडतात. त्याच सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये असंही म्हटलंय, की यातला बहुतेक साठा ५०० मीटरहून उथळ पाण्याखाली, म्हणजे ध्रुवापासून लांब. ते वाक्य तेवढं गाळा.